वास्तू वाचली, माणसांचे काय?

मुंबईला गेलो की काळा घोड्याजवळचे केनेसेथ एलियाहू सिनेगॉग आम्ही आवर्जून पाहतो. जेकब ससून यांनी वडिलांच्या स्मरणार्थ १८८४ साली बांधलेले हे ज्यू लोकांचे प्रार्थनास्थळ. मोठ्या दुरुस्तीनंतर २०१९ साली ते पुन्हा खुले झाले. जळगाव-धुळ्याकडचे आमचे सोबती मात्र विचारतात, "भाऊ, आपला याच्याशी काय संबंध?"

संबंध आहे. ससून बगदादी, श्रीमंत व्यापारी. पण महाराष्ट्रातले बहुसंख्य ज्यू म्हणजे बेने इस्रायल, कोकणात तेलाचा घाणा चालवणारी कष्टकरी माणसे. शनिवारी त्यांचा घाणा बंद, म्हणून गावाने नाव ठेवले 'शनवार तेली'. घरची भाषा मराठी. गावकीची रीत त्यांच्यातही शिरली. गोरे आणि काळे असे भेद पडले, बेटीव्यवहार थांबला. १९४८ नंतर बहुतेक जण इस्रायलला गेले, तर तिथे लग्नाच्या वेळी पूर्वजांची चौकशी! हे मुकाट्याने सोसायचे नाही, असे ठरवून ते रस्त्यावर उतरले. अखेर १९६४ साली तिथल्या सरकारला त्यांची बरोबरी मान्य करावी लागली. जातीचा दाखला कोण कोणाला मागतो, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

केरळात परवूर आणि चेंदमंगलम येथील सिनेगॉग दुरुस्त करून त्यांची संग्रहालये केली आहेत. कोचीच्या कडवुंबागम सिनेगॉगचे आतले लाकूडकाम तर जेरुसलेमच्या संग्रहालयात आहे. चांगलेच झाले. पण आम्ही पडलो कारकून; दोन्ही बाजू जुळल्याशिवाय वही मिटत नाही. जमेला रंगीत काचा आणि नक्षीदार लाकूड आले. मग घाण्यावरचा घाम, अडलेली लग्ने आणि जिंकलेला लढा कोणत्या पानावर मांडायचा? संग्रहालयात हे नसेल, तर ती नुसती सुंदर रिकामी खोली.

बंधू-भगिनींनो, भिंत दुरुस्त करायला गवंडी मिळतो. आठवण दुरुस्त करणारा कारागीर नसतो. म्हणून एवढे करा. घरातल्या पत्र्याच्या पेटीतले जुने फोटो काढा. आजी सांगू शकते तोवर तिला विचारून प्रत्येकाच्या मागे नाव, गाव आणि काम लिहा. त्याला देणगी लागत नाही. एक पेन्सिल आणि रविवारची दुपार पुरते.