अंगठा चोखणारं लेकरू आणि टाळूची जाळी

"डॉक्टर, याच्या अंगठ्याला लावायला काहीतरी कडू औषध द्या." आर्णी, घाटंजी, दिग्रसकडून येणाऱ्या आयांकडून मी हे नेहमी ऐकतो. घरी कडुनिंबाचा रस लावून झालेला असतो, कधी मिरचीही. मिरची तर लावूच नका. तोच हात डोळ्यात जातो. रागावून ही सवय सुटत नाही, उलट घाबरलेलं मूल अंगठ्याचाच आधार घेतं.

आधी एक समजून घ्या. बाळ आईच्या पोटातच अंगठा चोखू लागतं, सोनोग्राफीत ते दिसतं. त्यातून त्याला शांत वाटतं. कापूस वेचणीच्या दिवसांत आई पहाटे वावरात जाते, लेकरू आजीजवळ राहतं. झोप आली, आईची आठवण आली, की अंगठा तोंडात. यात आईचा दोष नाही. बहुतेक मुलं दोन ते चार वर्षांच्या दरम्यान ही सवय आपणहून सोडतात.

मग काळजी कधी करायची? तीन वर्षांनंतरही सवय जोरात असेल तर एकदा दात दाखवून घ्या. पक्के समोरचे दात साधारण सहाव्या वर्षी येऊ लागतात, त्याआधी सवय सुटलेली बरी. नुसता अंगठा तोंडात ठेवणं वेगळं आणि रात्रभर जोरात चोखणं वेगळं. दात सरकतात ते थोड्या पण सतत पडणाऱ्या दाबाने. त्यामुळे वरचे दात पुढे येतात, दाढा मिटल्या तरी समोर फट राहते, वरचा जबडा अरुंद होतो आणि 'स'चा उच्चार बोबडा होतो. पक्के दात येण्याआधी सवय सुटली, तर ही फट बरेचदा आपोआप भरते.

माझ्याकडे सात वर्षांची एक मुलगी आली होती. रात्री तिच्या हाताला फडकं बांधत. शाळेत मुलं चिडवत, म्हणून ती तोंडावर हात ठेवून बोलायची. मी आईबाबांना थांबवून तिलाच विचारलं, "बेटा, तुला सोडायचं आहे का?" तिने मान हलवली. उपचाराची सुरुवात तिथून होते. मुलाचं मन नसेल तर जाळी म्हणजे त्याला शिक्षाच वाटते.

आधी साधे उपाय करा. अंगठा न चोखलेल्या दिवशी कॅलेंडरवर चांदणी काढा, शाबासकी द्या. झोपताना हातात मऊ बाहुली द्या, रात्री हातमोजा घाला. हे सगळं करूनही सवय सुटली नाही, तर जाळी. वरच्या दाढांना कडी बसवून टाळूवर, समोरच्या दातांच्या मागे तारेची जाळी येते. अंगठा टाळूला टेकत नाही, चोखण्याची मजा जाते. पहिले काही दिवस बोलायला, जेवायला अवघड जातं, लाळ जास्त सुटते. वरण-भात, खिचडी द्या. चिक्की, ऊस बंद. ब्रश नीट करून घ्या. सवय सुटली की लगेच जाळी काढायला सांगू नका, ती आणखी काही महिने राहू द्यावी लागते. त्या मुलीची सवय सुटली. दात पूर्ण सरळ व्हायला मात्र पुढे तारा लागतील, हे मी तिच्या आईबाबांना आधीच सांगितलं.

आपल्या जिल्ह्यासाठी आणखी एक. 2017 साली यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी, शेतमजूर दगावले. फवारलेल्या वावरात खेळणाऱ्या लेकराचा अंगठा तोंडात जातो, हे विसरू नका. त्याला तिथे नेऊ नका, हात साबणाने धुवा.

अंगणवाडीत आणि शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं, त्यांना लेकराचे दात दाखवा. नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय आहे, अमरावती आणि सावंगी (मेघे) इथेही दंत महाविद्यालयं आहेत. पण जाण्याआधी आज रात्री एवढं करा: अंगठा तोंडातून ओढू नका, लेकराजवळ थोडा वेळ बसा.