रेषेवरून चार पावलं पुढे

भाची शाळेच्या संघात गोलकीपर झाली आणि रविवारी तिला सराव द्यायचं काम माझ्याकडे आलं. मी जन्मभर क्रिकेट पाहिलेलं. तिच्या भिंतीवर धीरज सिंग मोइरांगथेमचा फोटो आहे. मणिपूरचा हा मुलगा २०१७च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताचा कीपर होता. मी निकाल शोधले. दिल्लीतले तिन्ही सामने हरलेले: अमेरिकेकडून ०-३, कोलंबियाकडून १-२, घानाकडून ०-४. “नऊ गोल खाल्लेल्याचा फोटो?” मी बोलून गेलो. ती गप्प राहून बुटाची नाडी बांधत राहिली.

मैदानावर तिनं मलाच गोलमध्ये उभं केलं. रुंदी ७.३२ मीटर, उंची २.४४. खांबापासून खांबापर्यंत माझी नऊ पावलं भरली. ती चेंडू घेऊन एकटी समोरून आली. याला ‘वन-ऑन-वन’ म्हणतात. मी आपला ‘एकास एक’ म्हणतो. मी रेषेवरच थांबलो. चेंडू डावीकडून गेला, मग उजवीकडून, आणि दोन्ही वेळा माझा हात नंतर हलला.

मग तिनं मला चेंडूपाशी उभं केलं आणि स्वतः गोलमध्ये गेली. रेषेवर होती तेव्हा दोन्ही बाजूंना भरपूर जागा दिसत होती. ती चार पावलं पुढे आली आणि जागा दिसेनाशीच झाली. ‘अँगल कमी करणं’ ते हेच, म्हणजे समोरच्याचा कोन खाणं. पुन्हा गोलमध्ये जाऊन मीही तसाच पुढे धावलो, तर तिनं चेंडू अलगद डोक्यावरून टाकला. पुढे यायचं, पण कधी?

त्या रात्री कोलंबियाचा सामना पुन्हा लावला. भारताचा विश्वचषकातला पहिलावहिला गोल जॅक्सन सिंगचा, एवढं मला माहीत होतं. या वेळी चेंडू सोडून फक्त धीरजकडे पाहत राहिलो. थांबायचं की निघायचं, हे सतरा वर्षांचा मुलगा क्षणात ठरवत होता. ‘नऊ गोल’ म्हणताना यातलं काहीच मी पाहिलं नव्हतं.

पुढचं भाचीनं सांगितलं. स्कॉटलंडच्या मदरवेलकडे चाचणी, मग केरला ब्लास्टर्स, एटीके, आणि जानेवारी २०२१मध्ये एफसी गोवा. त्याच वर्षी मार्चमध्ये मुंबई सिटीविरुद्ध देशातल्या लीगचा उपांत्य सामना पेनल्टींवर जाणार असं दिसताच प्रशिक्षकांनी शेवटच्या मिनिटांत त्याला काढून दुसरा कीपर आणला. गोवा हरलं. मला ते फार लागलं. महिनाभरानं, १४ एप्रिलला, फातोर्ड्यात एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये कतारचं अल-रय्यान समोर होतं, त्यांचे प्रशिक्षक लॉरां ब्लां. गोलमध्ये वीस वर्षांचा धीरज. निकाल ०-०. पुढच्या सामन्यात अल-वहदाशीही ०-०. ‘क्लीन शीट’ला मी ‘कोरी पाटी’ म्हटलं. तिला ते आवडलं नाही. पाटी कोरी ठेवायला नव्वद मिनिटं राबावं लागतं, म्हणाली.

मग तो सामनाही लावून पाहिला. कोविडमुळे फातोर्ड्याचं स्टेडियम रिकामं होतं. खेळाडूंच्या हाका टीव्हीवर ऐकू येत होत्या. अख्खं मैदान फक्त कीपरला समोर दिसतं, म्हणून त्यानं बोलत राहायचं असतं, हे तेव्हा कळलं.

पुढच्या रविवारी मी गोलमधून तिचं नाव घेऊन ओरडलो. “नाव नको, मामा. काय करायचं ते सांग. ‘सोड’, ‘मागे माणूस’, ‘माझा’.”

मी ‘माझा’ म्हणालो तेव्हा चेंडू जाळ्यात पोचला होता. मी तो काढून तिच्याकडे ढकलला आणि रेषेवरून चार पावलं पुढे येऊन उभा राहिलो.