रेसची स्प्रिंग

दिसायला करंगळीएवढी. जुन्या पद्मिनीचं किंवा मारुती ८०० चं बॉनेट उघडलं की कार्बोरेटरला बिलगून, तेलकट धुळीनं माखलेली, दोन्ही टोकांना आकडे वळलेली ती दिसते. गाडीतला बाकी सारा गोतावळा पळण्यासाठी जन्माला आलेला. हिचा धर्म एकच, पुरे म्हणणं. पायानं रेस दिली की केबल ताणली जाते, कार्बोरेटरच्या गळ्यातली चकती उघडते, हवा आणि पेट्रोल आत धावतं. पाय उचलला की ही ती चकती ओढून मिटवते. दिवसातून हजारदा ताणलं जायचं आणि हजारदा परत यायचं, तेही कुणी न सांगता.

तिचं बोलणं तळपायाला ऐकू येतं. जेवढं दाबाल तेवढा तिचा विरोध वाढतो. जुने ड्रायव्हर काट्याकडे न बघता वेग सांगायचे, ते बरंचसं हिच्याच जोरावर.

नागपूरच्या हवेत तिला सुखाचे दिवस थोडे. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, केबलच्या नळीतलं ग्रीस सुकतं, त्यावर धूळ बसते आणि मागून येणारा पाऊस गंज घेऊन येतो. मग ती ओढते, पण केबल सरकत नाही. वर्धा रोडवर सिग्नल लाल होतो, मालक पाय उचलतो आणि इंजिन ओरडतच राहतं. ज्यानं हे अनुभवलं तो माणूस पुढे कितीतरी दिवस पेडलवर पाय ठेवताना बिचकतो. त्याला ‘तुमचाच पाय राहिला असेल’ म्हणून वाटेला लावणं मला क्रूर वाटतं. चांगला मिस्त्री तसं म्हणत नाही. तो केबलचं टोक बोटानं चाचपतो. “पाहा न भाऊ, इथं तार तुटली. हे टोक नळीत फसते, मंग रेस कशी उतरन?” खरोखर, एवढ्या एका तारेपुढे ती हतबल असते.

रेस अशी अडकली की ब्रेक एकदाच आणि पूर्ण जोरानं दाबावा, उचलू नये. रेस पूर्ण उघडी असली की ब्रेकला बळ देणारा इंजिनाचा निर्वात पुन्हा तयार होत नाही. दोन-तीनदा दाबून सोडला की साठवलेलं बळ संपतं आणि पेडल दगडासारखं होतं. त्याच दमात गिअर न्यूट्रलला टाकावा. इंजिन कितीही किंचाळलं तरी किंचाळू द्यावं, त्याची ओढ चाकांपर्यंत पोहोचत नाही. चालत्या गाडीची किल्ली मात्र काढू नये, स्टिअरिंगला कुलूप लागतं.

नव्या गाड्यांतून केबल गेली. आता पेडलपाशी दोन सेन्सर असतात, एकमेकांची साक्ष पडताळणारे. संगणक त्यांचं ऐकतो आणि एक छोटी मोटर चकती उघडते. पेडलखाली स्प्रिंग आहे, पण तिचा हात चकतीपर्यंत पोहोचत नाही. आणखी एक मात्र चकतीच्या दांड्यालाच बसलेली असते. वीज गेली, मोटर थकली, की ही चकती जवळजवळ मिटवते, फक्त गाडी रांगत कडेला जाईल एवढी फट ठेवते. इतक्या संगणकांच्या घरात शेवटचा भरवसा अजून हिच्यावरच ठेवावा लागतो, याचं मला मोठं समाधान आहे.

रेस न उतरण्यावरून जगात मोठे खटले झाले. २८ ऑगस्ट २००९ रोजी कॅलिफोर्नियात सॅन डिएगोजवळ एका लेक्सस गाडीत पेडल मॅटमध्ये अडकलं आणि चौघांचा जीव गेला. गाडी चालवणारा स्वतः महामार्ग पोलिसातला अधिकारी होता. मॅट दुसऱ्याच मॉडेलची होती. टोयोटानं लाखो गाड्या परत बोलावल्या. काहींची पेडलंच दाबलेल्या जागी चिकटत होती. फेब्रुवारी २०११ मध्ये नासाच्या अभियंत्यांना इलेक्ट्रॉनिक दोष सापडला नाही. २०१३ साली ओक्लाहोमातल्या ज्युरीनं मात्र एका खटल्यात कंपनीलाच जबाबदार धरलं. त्याआधी, १९८९ च्या अमेरिकी सरकारी अहवालानं आपोआप धावलेल्या गाड्यांच्या बहुतेक घटनांत पाय ब्रेकऐवजी रेसवर पडल्याचं म्हटलं होतं. हेही खरं आहे. आपल्याकडे ऑटोमॅटिक गाड्या वाढल्या आणि पार्किंगमध्ये भिंतीवर चढलेल्या गाड्यांच्या बातम्याही येऊ लागल्या. घाबरलेला पाय चुकीच्या पेडलवर असला की तो आणखीच जोरानं दाबतो, आणि स्प्रिंगला पायापुढे माघार घ्यावीच लागते. म्हणूनच गाडी उघडून बघण्याआधी कुणी दोष वाटू नयेत. माणसावरही नाहीत, यंत्रावरही नाहीत.

आता तिची खरी परीक्षा समृद्धी महामार्गावर आहे. नागपूरजवळच्या शिवमडक्याहून तो सुरू होतो, पार ठाणे जिल्ह्यातल्या आमणेपर्यंत ७०१ किलोमीटर. सपाटीवर मोटारींना १२० ची मर्यादा. क्रूझ कंट्रोल लावला की पाय रिकामा होतो आणि मोटर चकतीला तासन्‌तास तिच्या ओढीविरुद्ध धरून ठेवते. तळपायाशी चाललेलं बोलणं बंद पडतं. तासाभरानं १२० चा वेग ८० सारखा वाटू लागतो. नागपूरच्या व्हीएनआयटीतल्या अभ्यासकांनी या रस्त्यावरच्या अपघातांमागे महामार्गाचं संमोहन हेही एक कारण असल्याचं सांगितलं आहे. १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना ८० च्या पुढे इशारा आणि १२० च्या पुढे अखंड बीप सक्तीची झाली. पण तो आवाज कानाला येतो, पायाला नाही. उजवा पाय नेहमीच्या जागी नसला तर ऐनवेळी तो ब्रेक शोधत बसतो. म्हणून क्रूझ लावला तरी टाच ब्रेकसमोर टेकलेली असावी, आणि मध्ये मध्ये क्रूझ काढून गाडी स्वतःच्या पायानं चालवावी.

२०२३ साली परिवहन विभागानं समृद्धीच्या प्रवेशांवर टायर तपासायला सुरुवात केली, ते चांगलंच झालं. माझी मागणी आणखी एका मिनिटाची आहे. शिवमडक्याला ड्रायव्हरच्या पायाखाली वाकून बघावं, मॅट हुकात अडकवलेली आहे का ते हातानं ओढून पाहावं, आणि हौसेनं एकीवर दुसरी टाकलेली असेल तर वरची काढून डिकीत ठेवायला लावावं.