ब्लॅक थर्सडे? कुठला बुवा?

मेलबर्नमध्ये ऑनसाइट येऊन आठ महिने झाले, तेव्हा आम्हा दोघांना घराचे वेध लागले. शहरातला फ्लॅट म्हणजे खुराडं. मग सापडलं डायमंड क्रीक. हर्स्टब्रिज लाइनच्या जवळजवळ टोकाला असलेलं गाव. निलगिरीची उंच झाडं, अंगणात पोपट आणि भाडं चक्क परवडणारं. बायको तर फोटो बघूनच फ्लॅट! (आपल्याकडे मुळशीला सेकंड होम घेणाऱ्यांचे डोळे जसे चमकतात ना, अगदी तसे.)

सोमवारी ऑफिसात कॉफी घेताना ही बातमी मोठ्या तोऱ्यात सांगितली. शेजारच्या डेस्कवरच्या ऑस्ट्रेलियन सहकाऱ्याने अभिनंदन वगैरे काही केलं नाही. त्याने एवढंच विचारलं, ‘तुमचा फायर प्लॅन काय?’

मला वाटलं, इन्शुरन्सबद्दल बोलतोय.

त्याला आठवत होता ब्लॅक सॅटर्डे. ७ फेब्रुवारी २००९. मेलबर्नमध्ये त्या दिवशी पारा ४६.४ अंशांवर गेला होता आणि वणव्यांत १७३ माणसं गेली. तेव्हा तो शाळेत होता, पण त्या दिवसाचा आकाशाचा रंग त्याला अजून सांगता येतो. मात्र मी ‘ब्लॅक थर्सडे’ म्हटल्यावर तो गोंधळला. आदल्या रात्री ‘डायमंड क्रीक, हिस्ट्री’ असं शोधताना मला ते नाव दिसलं होतं. पठ्ठ्या इथेच जन्मला, वाढला, पण त्याने ते कधी ऐकलंच नव्हतं.

तारीख होती ६ फेब्रुवारी १८५१, वार गुरुवार. आदलं वर्ष कोरडं गेलेलं, गवत पापडासारखं वाळलेलं आणि उत्तरेकडून भट्टीसारखा वारा सुटलेला. मेलबर्नमध्ये सकाळी अकराला ११७ फॅरनहाइट, म्हणजे आपले ४७ अंश झाल्याची नोंद सापडते. प्लेंटी रेंजेसमध्ये बैलगाडीवाल्यांनी पेटते ओंडके तसेच मागे ठेवले, असं म्हणतात. पण आग एका जागी थोडीच लागली होती! पोर्टलंड, विमेरा, डँडेनाँग, वेस्टर्नपोर्ट... पन्नास लाख हेक्टर, म्हणजे आजच्या व्हिक्टोरिया राज्याचा जवळपास पाव हिस्सा होरपळला. पुणे जिल्ह्याची तिप्पट करा आणि वर थोडं टाका. दहा लाखांच्या आसपास मेंढ्या मेल्या. माणसं बाराएक.

‘बाराच?’ असं माझ्याही तोंडून निघालं. मग पुढचं वाचलं. त्यातले सहा जण एकाच घरातले होते, एका मेंढपाळाची बायको आणि पाच मुलं. ठिकाण, डायमंड क्रीक. आम्ही जिथे बाल्कनीत तुळस कुठे ठेवायची यावर वाद घालत होतो, तेच.

शनिवारी स्वॉन्स्टन स्ट्रीटवरच्या स्टेट लायब्ररीत गेलो. विल्यम स्ट्रट हा चित्रकार १८५१ मध्ये मेलबर्नमध्येच होता. पुढे इंग्लंडला परतल्यावर १८६४ मध्ये त्याने ‘ब्लॅक थर्सडे’ पुरं केलं. तीन मीटरहून लांब चित्र! घोडेस्वार, गुरं, मेंढ्या, पक्षी, सगळे एकमेकांना तुडवत सैरावैरा पळतायत. शिकार कोण आणि शिकारी कोण, याचं कुणालाच भान नाही. चित्रासमोर मी वीस मिनिटं तरी उभा होतो. तेवढ्यात चारपाच जण आले, फोटो काढून गेले. खालची पाटी मात्र एकानेही वाचली नाही.

लोक एवढं मोठं कसं काय विसरतात? मला वाटतं, सोन्यामुळे. त्याच वर्षी जुलैत व्हिक्टोरिया वेगळी वसाहत झाली, पाठोपाठ सोनं सापडलं आणि जगभरातून बोटी भरभरून माणसं आली. १८५१ मध्ये इथे ७७ हजार लोक होते, दहा वर्षांत झाले पाच लाख चाळीस हजारांच्या घरात. म्हणजे बहुतेकांनी तो गुरुवार पाहिलाच नव्हता! आणि ज्यांना या जंगलाची नस माहीत होती, थंडाव्यात छोट्या छोट्या आगी लावून जे गवत आटोक्यात ठेवायचे, त्या वुरुंडजेरी लोकांना १८३५ नंतर त्यांच्याच जमिनीवरून हुसकावलं गेलं होतं. विचारणार कुणाला?

आम्हीही बोटीऐवजी विमानाने आलेले नवखेच.

पुढच्या रविवारी घर बघायला गेलो. घर खरंच सही होतं. एजंट किचनमधला ओव्हन दाखवत होता, तेवढ्यात बायकोने विचारलं, ‘इथून बाहेर पडायला रस्ते किती?’ तो क्षणभर थांबला. म्हणाला, ‘या गल्लीतून एकच.’ मग तिने गटारं किती वेळा साफ होतात ते विचारलं, छपराला टेकलेल्या फांद्या मोजल्या, आणि मी नुसता मान डोलवत उभा.

शेवटी स्टेशनाला लागून असलेलं, जरा लहान आणि जरा महाग घर घेतलं. दाराजवळ एक सॅक भरून ठेवलीय. पासपोर्ट, औषधं, हार्ड डिस्क, लोकरी ब्लँकेटं, पाण्याच्या बाटल्या. धोक्याच्या पट्टीवर ‘कॅटास्ट्रॉफिक’ आलं की आग दिसायची वाट न बघता निघायचं, हे ठरलंय. फक्त सासूबाईंनी दिलेला पितळी गणपती सॅकमध्ये ठेवायचा की देव्हाऱ्यात, यावर अजून एकमत होत नाहीये.