ट्रॅकिंगचं बटण

माळ्यावरून व्हीसीआर खाली काढला. फडकं फिरवलं तर ते तांबूस झालं आणि मला शिंक आली. ती धूळ खरंच मिरचीची होती की सवयीची, देव जाणे. धर्माबादेत मिरचीचा हंगाम लागला की स्टेशनवर उतरलेला पाहुणा आधी शिंकतो, मग पत्ता विचारतो.

रामायण संपलं होतं आणि महाभारत सुरू व्हायचं होतं, म्हणजे 1988 सालच्या पोळ्याचा सुमार. आखातातून परतलेल्या एका ओळखीच्याकडून अण्णांनी हे यंत्र घेतलं. सोबत इंग्रजी पुस्तिका होती. अण्णा शाळामास्तर, त्यामुळे यंत्राची परीक्षा रीतसर झाली, गुणांसकट.

टायमर पहिल्या फेरीतच नापास. चौदा दिवस आधी वेळ लावून ठेवा, यंत्र आपोआप रेकॉर्ड करील, असं पुस्तिका म्हणत होती. पण लाइट कधी जाणार हे त्याला कोण सांगणार? ती परत आली की घड्याळ शून्यावर. पॉजला काठावर पास: नायिका थांबायची खरी, पण थरथरत, आणि कपाळावर पांढरी पट्टी घेऊन. रिमोटचा विषय निघालाच नाही. उठून बटण दाबायला आम्ही पोरं होतो.

शंभरपैकी शंभर मिळाले ते ट्रॅकिंगच्या बटणाला.

व्हीएचएसच्या अर्धा इंच रुंद फितीवर चित्र तिरक्या पट्ट्यांत लिहिलेलं असतं. एकेक पट्टी मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढी, केसाहून बारीक. फीत सेकंदाला जेमतेम 23 मिलिमीटर सरकते, पण तिच्याआड फिरणारा ड्रम मिनिटाला 1500 फेरे घेतो आणि त्यावरची दोन हेडं आळीपाळीनं या पट्ट्या वाचतात. फीत भरली दुसऱ्याच्या यंत्रावर, वाचायची आपल्या. दोघांची चाल तंतोतंत कशी जुळणार? मग पडद्यावर मुंग्या येतात. ट्रॅकिंगचं बटण फिरवलं की आपलं यंत्र किंचित पुढंमागं सरकतं, समोरच्याची पट्टी शोधतं आणि चित्र लागतं.

आमच्याकडे कॅसेटी यायच्या त्या निजामाबादहून. जिल्ह्याचं गाव नांदेड, पण निजामाबाद जवळ. त्यामुळे एका रात्री ‘धूमधडाका’ आणि त्यामागून चिरंजीवीचा एखादा मारधाडीचा पिक्चर, असा बेत असायचा. अंगणात चाळीसेक माणसं. पलीकडच्या गल्लीतल्या अक्का मागून ओरडायच्या, “बोम्मा वच्चिंदा?” आई बटण फिरवत सांगायची, “आलं, अक्का, आलं!” आईला तेलुगू बोलता येत नव्हतं, अक्कांना मराठी. दोघींचं कधी अडलं नाही. मिरचीच्या आडतीवर तर भाव मराठीत निघायचा आणि घासाघीस तेलुगूत व्हायची. राज्याची हद्द ओलांडली की बासर, तिथं पाट्यांची लिपी बदलते. माणसं मात्र ज्याची त्याची पट्टी शोधत थोडी सरकून घेतात. गावातली सगळीच सरकत होती असं नाही. काही जण शेवटपर्यंत मुंग्याच बघत बसले.

जपानमध्ये 1976 साली आलेलं हे तंत्र. तिथल्याच फुनाई कंपनीनं जुलै 2016 मध्ये व्हीसीआर बनवणं बंद केलं. आमच्या घरी त्याआधीच सगळं माळ्यावर गेलं होतं.

यंत्रासोबत ताईच्या लग्नाची कॅसेट निघाली. नांदेडच्या एका दुकानदारानं यंत्राला वळणावर आणलं. चित्र फाटकंच आलं, अक्षता पडताहेत की मुंग्या, कळेना. आवाज मात्र स्वच्छ. तो फितीच्या वरच्या कडेला सरळ रेषेत वेगळा लिहिलेला असतो, म्हणून वाचला. मंगलाष्टकांच्या गलबल्यात अक्का कुणाला तरी तेलुगूत दटावत होत्या, आणि आई त्यांना मराठीत हसत होती. दोघीही आता नाहीत.

तुमच्या माळ्यावर अशी कॅसेट असेल तर खिडकीतून रीळ बघा. पांढरी बुरशी दिसली तर यंत्रात घालू नका. हेडं खराब होतील, फीतही तुटेल. जाणत्याकडून आधी साफ करून घ्या, मग नक्कल काढा. आणि हे याच उन्हाळ्यात करा, पावसाळ्याची वाट बघू नका.