विमान बदलले, वाट तीच

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा पुस मॉथ या लहानशा विमानातून टपाल घेऊन कराचीहून जुहूला उतरले. पन्नास वर्षांनी, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी तोच प्रवास पुन्हा केला. विमान मात्र लेपर्ड मॉथ होते.

परभणीच्या अंगणात नानांची चेतक गंजत उभी होती, तेव्हा हा तपशील आम्हा उभयतांना वारंवार आठवे. तीच दुरुस्त करावी, की दुसरी चालती जुनी चेतक घ्यावी? जुन्या विमानाचाही पेच हाच. उडते विमान घ्यावे, तर कापडाखालचे लाकडी सांधे दिसत नाहीत. उसवून नव्याने बांधावे, तर सांधा न् सांधा कळतो, पण मूळचे कितीसे उरते?

मिस्त्रींनी यादी दिली: खालचा पत्रा, इंजिन, वायरिंग, सीट. नानांचा म्हणून उरणार होता तो केवळ गाडीचा नंबर.

अखेर आम्ही चालती गाडी घेतली. नाना झरीच्या शाळेत ज्या जिंतूर रस्त्याने जात, त्याच रस्त्याने पहाटे निघालो. झरीला थांबलो, तेव्हा दोघेही काही बोललो नाही.

अंगणातली चेतक अजून तिथेच आहे. भंगारवाल्याला ‘ने’ म्हणणे आम्हाला साधलेले नाही.