आई आणि पब

तर झालं असं, की २०२३ च्या डिसेंबरात मी आईला पबमध्ये घेऊन गेलो.

हे वाक्य चंद्रपूरच्या आमच्या गल्लीत मोठ्यानं म्हणायची माझी आजही हिंमत नाही. इथे लिहितोय, कारण गल्लीतलं कुणी हे वाचत नाही (आशा आहे!).

मी तेव्हा सिडनीत ऑनसाइट होतो आणि आई पहिल्यांदाच विमानात बसून आली होती. एका शनिवारी मी, बायको, लेक आणि आई अशी वरात ऑपेरा हाउसजवळच्या धक्क्यावरून फेरीत बसली आणि वॉटसन्स बेला उतरली. समोर छोटीशी वाळू, नांगरलेल्या होड्या, आणि वाळूला लागूनच वॉटसन्स बे हॉटेल. मी आईला म्हटलं, "चल, हॉटेलात काहीतरी खाऊ."

यात मी खोटं बोललो नाही हं. ऑस्ट्रेलियात जुन्या पबना 'हॉटेल'च म्हणतात. पूर्वी तिथे दारू विकायचा परवाना हवा असेल तर मुक्कामाची सोय ठेवावी लागायची, ते नाव चिकटलं ते चिकटलंच. आमच्याकडे हॉटेल म्हणजे चहा, आलूबोंडा आणि तर्री-पोहे. आई त्याच हिशोबानं आत आली. शेजारच्या टेबलावरचा फेसाळता ग्लास बघितला आणि थबकली.

"कायले आणलास रे मले इथे?"

खरं सांगायचं तर मी तिला मुद्दाम आणलं होतं. आमचं एक भांडण अर्धवट राहिलं होतं, ते मला जिंकायचं होतं.

ते भांडण असं. आईचं माहेर आरमोरीजवळ. १९८२ पर्यंत चंद्रपूर आणि गडचिरोली हा एकच जिल्हा होता, त्यामुळे लग्न होऊन ती चंद्रपूरला आली तेव्हा जिल्ह्यातल्या जिल्ह्यातच आली होती. पुढे जिल्हे दोन झाले. गडचिरोलीत गावोगावच्या लोकांनी, विशेषतः बायांनी, दारूविरुद्ध आंदोलन उभं केलं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग त्यात होते. १९९३ मध्ये तिथे दारूबंदी झाली. माझा मामा तेव्हा रोज पिणाऱ्यांतला. बंदी झाल्यावर तो सायकलवरून वैनगंगेचा पूल ओलांडून ब्रह्मपुरीकडे जायला लागला, कारण पलीकडे चंद्रपूर जिल्हा, आणि तिथली दुकानं उघडी! पुलामुळे त्याचं पिणं कमी झालं की सायकलिंग वाढलं, यावर घरात कधी एकमत झालं नाही. १९९८ मध्ये तो गेला. लिव्हर. तोवर धानाची अर्धी बांधी विकून झाली होती.

डिसेंबर २०१० मध्ये दारूबंदीच्या मागणीसाठी बाया चिमूरहून नागपूरपर्यंत पायी चालत गेल्या. एप्रिल २०१५ मध्ये चंद्रपूर जिल्हाही कोरडा झाला, तेव्हा आईनं पेढे वाटले. मे २०२१ मध्ये सरकारनं बंदी उठवली. अवैध दारू वाढली, गुन्हे वाढले, महसूल बुडाला अशी कारणं दिली गेली. मी पुण्यात बसून फोनवर आईला ज्ञान दिलं, "अगं बंदीनं काही होत नसतं. लोकांना नीट प्यायला शिकवलं पाहिजे." तिनं फोन ठेवला. आपटला नाही, नुसता ठेवला. आपटला असता तर बरं झालं असतं.

...तर आता तिला 'नीट पिणारे लोक' दाखवायचे होते.

आणि दृश्य खरोखर छान होतं हो! एका टेबलावर आजी-आजोबा, दोन जावई, सुना, बाबागाडीत झोपलेलं पिल्लू. वाळूत मुलं किल्ला करतायत आणि सीगल पक्षी त्यांच्या ताटातले बटाट्याचे काप पळवतायत. मुलांसाठी वेगळा मेनू. डिसेंबर म्हणजे तिथला उन्हाळा, आठ वाजेपर्यंत उजेड. मी काउंटरवर जाऊन मासे आणि चिप्स सांगितले. सगळ्यांसाठी लेमनेड घेतलं. तिथे सगळे पितात ते 'लेमन लाइम अँड बिटर्स' घेणार होतो, पण त्यातल्या बिटर्समध्ये नावापुरतं मद्य असतं हे आठवलं आणि माघार घेतली.

"बघ," मी म्हटलं, "कुणी पडलंय का? ओरडतंय का?"

आईनं माझ्या ग्लासाकडे बघितलं. "इतके चांगले असेल त तू कायले लेमनेड पितेस? तिकडे घेतेस ना, मले माहीत नाही का?"

बायकोनं मासे खाण्यात डोकं घातलं. मदत शून्य.

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमच्याकडे पिणं म्हणजे आईपासून लपवायची गोष्ट. मामा पुलापलीकडे प्यायचा, मी ऑफिसच्या पार्टीत पितो. आईच्या टेबलावर कुणीच पीत नाही. मग 'नीट' म्हणजे काय, हे तिनं बघायचं तरी कुठे?

मग (सॉफ्टवेअरवाल्यांची जुनी खोड) मी इतिहासात शिरलो. हे टेबल तिथेही आयतं आलेलं नाही. १९१६ मध्ये न्यू साउथ वेल्समध्ये जनमत घेऊन पब संध्याकाळी सहाला बंद करायचं ठरलं. त्यामागे दारूविरोधी चळवळ होती आणि तिच्यात बाया पुढे होत्या. म्हणजे तिथल्या बायांनीही आधी दार बंदच करायला लावलं होतं! परिणाम काय झाला, तर पाचला कामावरून सुटलेले पुरुष सहा वाजायच्या आत घटाघटा पिऊन बाहेर पडायचे. हा प्रकार सिडनीत १९५५ पर्यंत चालला. बायांना तर कित्येक ठिकाणी मुख्य बारमध्ये प्रवेशच नव्हता. ३१ मार्च १९६५ ला ब्रिस्बेनच्या रेगाटा हॉटेलमध्ये मर्ल थॉर्नटन आणि रोझली बॉगनर या दोघींनी बारच्या दांड्याला स्वतःला साखळीनं बांधून घेतलं. मागणी एकच, आम्हालाही इथे ग्लास द्या. क्वीन्सलँडचा कायदा बदलायला १९७० उजाडलं.

आईनं हे सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आपल्याकडेबी बाया बसत होत्या की. मोहाची काढली की आमच्या शेजारचे गोंड आधी देवाले थेंब टाकत, मग म्हातारी-कोतारी सगळी मिळून घेत. चैतात पहाटे मोह वेचाले मीबी जात होते टोपली घेऊन. पन ते सनावाराले. तुझ्या मामाले रोज पाहिजे होती, अन एकट्याले."

मी गप्प.

तेवढ्यात पलीकडच्या टेबलावरचा एक मोठा बाप्या दुसरा ग्लास संपवून उठायला लागला. तिथला स्कूनर म्हणजे ४२५ मिलिलिटर. त्याच्या बायकोनं काही न बोलता टेबलावरची गाडीची किल्ली उचलून पर्समध्ये टाकली. तो हसला आणि येताना स्वतःसाठी पाणी घेऊन आला.

आईला त्यांच्यातलं बोलणं कळायचं कारण नव्हतं, पण किल्ली कळली. "ते गाडी चालवनार काय?"

मी सांगितलं, की रस्त्यात पोलीस कुणालाही थांबवून फुंकायला लावतात, १९८२ पासून. रक्तात ०.०५ टक्क्याच्या वर सापडला तर लायसन्स जातं. म्हणून घरातल्या एकानं प्यायची नाही, असं बरेच लोक आधीच ठरवून येतात. दारू वाढणाऱ्या पोरांनाही प्रशिक्षण घ्यावं लागतं, आणि झिंगलेल्याला आणखी दिली तर गुन्हा.

आई बराच वेळ पाण्याकडे बघत बसली. मग म्हणाली, "हिच्या हाती किल्ली आहे बाबा. अन तिच्या मांगं पोलीसबी आहे. तुझ्या मामीच्या हाती का होते?"

काय होतं? धानाची बांधी मामाच्या नावावर. सायकल मामाची. पोलीस पाटलाकडे गेलं तर 'घरचा मामला'. महाराष्ट्रात गावातल्या निम्म्याहून जास्त महिला मतदारांनी 'आडव्या बाटली'वर शिक्का मारला तर दुकान बंद होतं. तो नियम आला तोवर मामा जाऊन वर्षं झाली होती. मामीला मिळालेली एकच किल्ली म्हणजे १९९३ ची बंदी. ती किल्ली नीट लागत नव्हती, पुलापलीकडचं कुलूप तिला उघडता येत नव्हतं, हे सगळं मान्य. पण दुसरी देण्याआधीच ती काढून घ्या असं म्हणणारा मी कोण?

मी काही लगेच दारूबंदीवाला झालेलो नाही. बंदीत विषारी माल आणि हप्ते वाढतात यावर माझं मत तेच आहे. फक्त आता फोनवर ज्ञान देत नाही.

आणि आई? तीही पूर्ण पटली वगैरे नाही. निघताना तिनं मागे वळून त्या टेबलांकडे बघितलं आणि म्हणाली, "चांगले दिसतेत सगळे. पन घरी गेल्यावर कसे रायतेत ते इथून दिसत नाही."

फेरीत ती लेकीला मांडीवर घेऊन झोपली.

गावी गेल्यावर मामीला मोबाइलवर तिथले फोटो दाखवले. समुद्र, होड्या, ग्लास, मुलं. मामीनं सगळे फोटो शांतपणे बघितले. मग माशाच्या ताटावर बोट ठेवून विचारलं, "हे केवढ्याले पडले रे?"

मी रुपयांत सांगितलं. त्यानंतर जे बोलली, ते मात्र इथे लिहिण्यासारखं नाही. असो!